रॉकेटच्या टेकाडावरची हळद

मी एकदा रॉकेटला हळदकुंकू लावलं. खऱ्याखुऱ्या, लष्कराच्या, डागायला तयार ठेवलेल्या रॉकेटला. अगदी त्याच्या अंगाला नाही, तिथवर मला कोण जाऊ देतंय. त्याच्या वाटेवर आडव्या ठेवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्याला. पण भाव रॉकेटचाच होता. खंडेनवमी होती, मी सत्तावीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी त्या वयात माझी पक्की समजूत होती.

पुण्याला आमच्या भिशीत ही गोष्ट मी निदान वीस वेळा सांगितली असेल. नव्या बाईने ऐकली नसेल तर जुन्याच मला आग्रह करतात, "सांग गं ते तुझं रॉकेटचं." मी सांगते. हातवारे करून, गॅसच्या मुखवट्यातल्या सैनिकांची नक्कल करून सांगते. सगळ्या डोळे पुसतात आणि कोणीतरी म्हणतं, "तुझ्या हळदकुंकवानेच वाचला गं तो देश." मग चहा येतो.

या गोष्टीतून एक माणूस मी दर वेळी गाळते. यंदा नातीपुढे बोलताना तो चुकून तोंडातून निसटला, आणि नऊ वर्षांच्या पोरीने त्याला घट्ट धरून ठेवलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी जागा सांगते. सौदी अरेबियात रास तनुऱ्याच्या दक्षिणेला, समुद्राच्या अंगाला आमची वसाहत होती. नवरा तेलशुद्धीकरणात इंजिनीअर, मी घरात, मुलगा दोन वर्षांचा. वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे वाळूचं एक टेकाड होतं. हिवाळ्यात आम्ही बायका थर्मास आणि खारे शेंगदाणे घेऊन तिथे बसायचो. एखादा उंट आमच्याकडे तुच्छतेने बघत निघून जायचा. एवढंच त्या टेकाडाचं महत्त्व.

मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्याची बातमी आली, आणि दोनेक आठवड्यांत टेकाडावर बुलडोझर चढले. वाळूचे उंच बांध घातले, मध्ये सिमेंटच्या चौकोनी लाद्या ओतल्या, भोवती काटेरी तार. एके सकाळी बघते तर लाद्यांवर वाळूच्या रंगाचे ट्रक उभे आणि त्यांच्यावर लांबच लांब खोकी, एका टोकाने वर उचललेली, तोंडं उत्तरेकडे. आडवी पाडलेली कपाटं कोणीतरी पुन्हा उभी करता करता जेवायला गेलंय, असं दिसत होतं. "त्यात रॉकेटं आहेत," नवरा म्हणाला. "तिकडून क्षेपणास्त्र आलं तर ही वर जाऊन त्याला हवेतच फोडणार."

"आणि तुकडे?"

"तुकडे खाली येणार."

"म्हणजे आपल्यावर."

"तू भाजीचं बघ," नवरा म्हणाला. हे त्याचं घाबरल्यावरचं ठरलेलं वाक्य.

त्या मागच्या भिंतीलगत कण्हेर आणि सदाफुलीचा लांब पट्टा होता. तो राखायला कंत्राटदाराची दोन माणसं होती, दोघं दापोलीकडची, एकमेकांचे मेहुणे. थोरल्याची बायको धाकट्याची सख्खी बहीण. थोरल्याला मी भाई म्हणायची. पत्र्याच्या एका खोपट्यात दोघांचे पाण्याचे पाइप, खुरपी, खताची पोती असत. अरबी आणि हिंदीत दिवस काढल्यावर भिंतीपाशी कोकणातलं मराठी कानावर पडलं की मला माहेरचं कोणी आल्यासारखं वाटे. रोज सकाळी भाई मूठभर कण्हेरीची फुलं माझ्या पिशवीत टाकायचे. घरात कपाटाच्या आत, साड्यांच्या मागे माझे देव होते. बाहेर त्याचा उच्चार करायचा नाही हे तिथे प्रत्येकाला ठाऊक. भाईंनाही ठाऊक होतं. म्हणायचे, "घ्या वैनी. कशाला ते मी विचारीत नाय."

त्यांना एकच ध्यास होता, हजचा. "पाच वर्सं झाली या मुलखात झाडं भिजवतोय," ते म्हणत, "नि हज नाय झाली. गावाला गेलो तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणतील, मक्केच्या दारात राहिलास नि आत गेला नाहीस?" कंत्राटदार रजाच देत नव्हता. शेवटी त्या वर्षी त्याने कबूल केलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात दोघा मेहुण्यांना एकदमच सोडतो. भाईंनी हजला नेसायची दोन पांढरी, बिनशिवलेली कापडं आत्ताच घेऊन ट्रंकेत ठेवली होती. युद्ध होईल का, याची त्यांना काळजी एवढ्याचसाठी. "वैनी, तुमचे साहेब काय म्हणतात? उन्हाळ्यापर्यंत मिटेल ना?" साहेबांना काही माहीत नसे. मी मात्र छातीठोक सांगायची, "मिटेल हो भाई, मिटेल."

आता खंडेनवमी. माझ्या वडिलांचं नाशिकला लेथ मशिनचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथलं प्रत्येक यंत्र पुसून, तेल देऊन, त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. वडील स्क्रू-ड्रायव्हरलासुद्धा वगळायचे नाहीत. जे हत्यार आपल्याला राखतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढा साधा हिशेब. लग्न होऊन सौदीत आले तरी माझा तो हिशेब सुटला नाही. शिलाई मशिन, कुकर, विळी, नवऱ्याचा पाना, सगळ्यांना बोटं लागली. मी कुंकवाची डबी घेऊन गाडीकडे निघाले तसा नवरा आडवा आला.

"गाडीला कुंकू? गेटवर विचारलं तर काय सांगू, अपघात झाला म्हणून?"

"आतून लावते. स्टिअरिंगच्या खाली. कोणाला दिसतंय?"

"आत काय ते कर. घराच्या बाहेर बोट जरी लावलंस ना... ऐकतेस का?"

"ऐकते," मी म्हणाले. ऐकत होतेच. ऐकायला काय जातं?

तो कामावर गेला. मी मुलाला शेजारच्या मलयाळी नर्सकडे दहा मिनिटं ठेवलं आणि खिडकीतून टेकाडाकडे बघत राहिले. आणि त्या सत्तावीस वर्षांच्या शहाणीच्या डोक्यात आलं की आपण विळीला हात जोडले, कुकरला जोडले, आणि रात्रंदिवस आपल्या डोक्यावर पहारा करणारं एवढं मोठं हत्यार तसंच उपाशी? आज मला तिचं बखोट धरून खाली बसवावंसं वाटतं. पण ती अबाया चढवून, पिशवीत दोन डब्या, चिमूटभर तांदूळ आणि भाईंची फुलं घेऊन निघालीसुद्धा. हळद मसाल्याच्या डब्यातली, कुंकू क्रीमच्या डबीत लपवून आणलेलं.

मागच्या फाटकातून समुद्राकडे वाट जायची. तिच्यावर सगळ्यात बाहेरचा अडथळा म्हणून सिमेंटचे तीन ठोकळे ठेवले होते. पहारेकरी बराच आत, सावलीच्या जाळीखाली. भाई तेव्हा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे पाणी घालत होते. मी मधल्या ठोकळ्याला हळद लावली. एक बोट लावून समाधान झालं नाही, मूठभर वाहिली. वर्षभराचं राखणं होतं ना. वर कुंकू, तांदूळ, फुलं. हात जोडले. मनात काय म्हटलं तेही आठवतं: "बाबा, तुकडे समुद्रात पाड." आणि शहाणी तुरुतुरु चालत घरी आली, मुलाला घेतलं, पोह्यांचं पाणी निथळायला ठेवलं.

नऊ-साडेनऊला कर्णा लावलेली गाडी गल्लीतून फिरली. घरातच राहा, दारं-खिडक्या बंद करा. फाटकाबाहेर पिवळी पावडर सापडली आहे, असं नर्सने भिंतीवरून ओरडून सांगितलं. "भाभी, गॅसवाला कुछ होगा! बच्चे को अंदर लो!" तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात गॅस होता, मुखवटे वाटून झाले होते, चिकटपट्टीची गुंडाळी प्रत्येक घरात होती. मी विजेसारखी कामाला लागले. प्रत्येक खिडकीच्या फटीला पट्टी, दाराखाली ओला टॉवेल, मुलगा न्हाणीघरात टबमध्ये बसवलेला, त्याच्या हातात डाव. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर रबरी झगे घातलेली, सोंडेच्या मुखवट्यांची चार माणसं लांब काठीने सिमेंटचा ठोकळा खरवडत होती. देवा, म्हटलं, कोण राक्षस असलं विष टाकून गेला आमच्या दारात!

दोन तास गेले. मुलाला भूक लागली म्हणून वरणाला फोडणी द्यायला घेतली. मोहरी तडतडली, मी हळदीसाठी डबा उघडला, आणि हात तिथेच राहिला.

हळदीची वाटी जवळजवळ रिकामी होती.

इथे भिशीत हशा पिकतो. स्वतःच्याच हळदीपासून वाचायला स्वतःचं घर बंद करून बसलेली बाई. मीही हसते. इथून पुढचं मी कधी सांगत नाही.

दुपारी रस्ता मोकळा झाला. संध्याकाळी नवरा घरी आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. "विषारी नाही म्हणे ती पावडर. पण कोणीतरी रॉकेटच्या वाटेवर खूण केली, असं त्यांचं म्हणणं. भिंतीपाशी दुसरं कोण असतं? माळ्याला नेलंय. थोरल्याला. त्याच्या खोपट्यात गंधकाचं पोतं मिळालं, झाडांवर मारायचं. पिवळंधमक."

फुलं समुद्राच्या वाऱ्याने उडाली असणार आणि तांदूळ पाखरांनी टिपले असणार. उरली होती नुसती पावडर.

मी नवऱ्याला सांगितलं. सगळं, एका दमात. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो उठला, त्याने दाराची कडी पुन्हा एकदा लावून पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, "हळद म्हणजे नुसती हळद नाही इथे. पूजा केलीस तू. उघड्यावर. लष्कराच्या जागेवर. तू तोंड उघडलंस की तू, मी, हा पोरगा, आपण तिघंही खलास."

"आणि भाई?"

"त्याच्याकडे गंधक आहे, माळी आहे, चुकून सांडलं म्हणेल. दोन दिवसांत सोडतील. थांब जरा."

"त्यांची हज आहे."

"मला माहीत आहे त्याची हज आहे," नवरा म्हणाला. "थांब."

मी थांबले. नवऱ्याने थांबवलं असं आता म्हणता येईल, तो उलटून बोलायला नाही. पण त्याने मला कोंडून ठेवलं नव्हतं. पोलिसचौकी चालत जाण्याच्या अंतरावर होती. पहिल्या दिवशी मी अबाया घालून दारापर्यंत गेले आणि मुलगा रडला म्हणून परत फिरले. दुसऱ्या दिवशी मुलगा रडलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी त्यांना सोडलं. नवऱ्याचं म्हणणं खरं झालं असं मला वाटलं, आणि मी नाचायचीच बाकी राहिले होते. मग नर्सकडून कळलं की पोलिसांनी सोडलं, पण कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा इकामा, राहण्याचा परवाना, होता त्या मालकाने, खुरूज मारला. खुरूज म्हणजे कायमचं बाहेर. असल्या लफड्यातला माणूस मला नको, म्हणाला. संध्याकाळचं विमान.

दुपारी भाई खोपट्यातली ट्रंक घ्यायला आले. बरोबर मुकादम. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. वाक्य तयार होतं: भाई, ते मी केलं. चार शब्द. सकाळपासून घोळवत होते. ट्रंक डोक्यावर घेऊन ते माझ्यासमोरून निघाले आणि थांबले. चार दिवसांत गालफडं बसली होती. मागे लांब धाकटा मेहुणा पाइप हातात घेऊन उभा होता, तोंड फिरवून. भाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, रडू येईल म्हणून दोघं बघत नाहीत.

"वैनी," भाई म्हणाले, "कण्हेरीला नाय घातलं तरी चालतं. सदाफुलीला मात्र रोज पाणी लागतं. आता बघा तुम्ही."

"यल्ला, यल्ला," मुकादमाने घाई केली.

आणि ती सत्तावीस वर्षांची, छातीठोक, सगळं कळणारी बाई काय म्हणाली? "बरं," म्हणाली.

डिसेंबरमध्ये नवऱ्याने मला आणि मुलाला नाशिकला पाठवलं. जानेवारीत टेकाडावरची रॉकेटं खरोखर उडाली तेव्हा मी वडिलांच्या घरी रेडिओला कान लावून बसले होते. एक तुकडा समुद्रात पडला म्हणे. मी शेजाऱ्यांना सांगितलं, माझंच हळदकुंकू. अशी ती गोष्ट सुरू झाली. चार महिन्यांत तिला हसू चिकटलं.

युद्धानंतर परत गेले तर ट्रक गेले होते. लाद्या, बांध आणि तार तेवढी उरली. त्या उन्हाळ्यात धाकटा मेहुणा हजला जाऊन आला, एकटाच. डोकं भादरलेलं, हातात खजुराचा पुडा, दारोदार वाटत आमच्याकडेही आला. "भाई कसे आहेत?" मी विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाय. बोलत नाय ते." मी खजूर घेतला. गोड होता. खाल्ला.

पुढे तार गंजून पडली. कंपनीने तिथे जुने पाइप रचले. मग शुक्रवारी कामगारांचं क्रिकेट सुरू झालं. रॉकेटची लादी ही त्यांना आयती खेळपट्टी मिळाली. चेंडू बांधावरून गेला की सहा. आम्ही तिथून निघालो तेव्हा तेच चाललं होतं. टबमध्ये डाव घेऊन बसलेला माझा मुलगा इंजिनीअर झाला आणि फिरून त्याच किनाऱ्यावर नोकरीला लागला. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मी आता हिवाळ्याचे दोन-तीन महिने मुलाकडे येते.

यंदा आले तर टेकाडाची बाग झालेली. बांधांवर हिरवळ, वरून समुद्र बघायला बाकं, भोवती चालायचा लाल ट्रॅक. बायका बूट घालून झपझप चालतात, मुली सायकली फिरवतात. लाद्या तशाच ठेवल्यात. त्यांच्यावर पोरं चाकाच्या फळ्या, म्हणजे स्केटबोर्ड, घेऊन आदळतात. लादीतल्या लोखंडी कड्यांना कधी ट्रक जखडायचे, त्यांना आता झोक्यांचे खांब जखडलेत. फाटकापाशी लोखंडी कंटेनरमधलं चहाचं दुकान, आणि एक पाटी, अरबी आणि इंग्रजीत: या जागेने संकटकाळी शहराचं रक्षण केलं, वगैरे. माझे तीन ठोकळेही आहेत. रंगवलेत. मधला पिवळा आहे, हे मी रचून सांगत नाही. नगरपालिकेने आपल्या मनाने रंगवलाय.

नातीला शाळेतून प्रकल्प होता, आपल्या परिसराचा इतिहास. पाटी उतरवून घेऊन तिचं भागलं असतं, पण आजीला राहवतंय? पिवळ्या ठोकळ्यावर बसून मी माझी गोष्ट सुरू केली. नातीला मराठी समजतं, उत्तर ती सुचेल त्या भाषेत देते. मुखवट्यांपाशी ती लोळली. टॉवेलापाशी तिला उचकी लागली. ऐन रंगात मी बोलून गेले, "आणि फुलं कुठली, तर आमच्या माळीभाईंनी दिलेली."

"फिर अंकल को पता चला?"

"काय?"

"की उनके फ्लॉवर्स रॉकेट को लगाए."

"नाही. त्यांना त्याच दिवशी पोलिसांनी नेलं." झालं. निसटलं.

तिचं हसू विझलं. "क्यों? उन्होंने तो कुछ नहीं किया."

मी काहीतरी सांगितलं. गंधक, गैरसमज, युद्धाचे दिवस. तिने पेन्सिल खाली ठेवली. "आजी, बट यू टोल्ड देम, ना? दॅट इट वॉज यू?"

माझ्याकडे थापांचा साठा कमी नाही. पण त्या ठोकळ्यावर बसून एकही बाहेर येईना. "चल, घरी जाऊ," मी म्हणाले. रस्ताभर ती माझा हात धरून चालली. प्रकल्पात तिने नुसती पाटी उतरवली. माझी गोष्ट घातली नाही.

चहाच्या दुकानावरचा माणूस मंडणगडचा निघाला. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, दापोलीकडे असा असा एक माणूस, इथे माळी होता, युद्धाच्या आधी परत गेला. तो म्हणाला, "आजी, मोबाइलवर आमच्या अख्ख्या खाडीचा ग्रुप आहे. माणूस जिवंत असेल तर सांजेपर्यंत सापडेल, मेला असेल तर कबर सापडेल." सांजेपर्यंत नंबर आला. "कलमांची बाग आहे त्यांची," म्हणाला. "पाय गेलेत, पण खुर्ची टाकून बसतात बागेत."

मुलगा ऐकून वैतागला. "आई, आता कशाला उकरतेस? आणि इथून, फोनवर? माझा इकामा आहे इथे." अगदी बापाचा आवाज. मला क्षणभर वाटलं, आता हा उठून दाराची कडी बघणार.

"तुझा इकामा आहे," मी म्हटलं, "त्यांचा मी घालवला."

तिसऱ्या दिवशी, असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर, मी बागेत जाऊन ठोकळ्यावर बसले आणि फोन लावला. बाईने उचलला. मी म्हटलं, सौदीहून बोलतेय, भाईंना द्या. बराच वेळ खुर्ची ओढल्याचा आवाज, कोंबड्या, मग खोकला.

"कोण?"

"भाई, मी. रास तनुऱ्याकडच्या वसाहतीतली. मागच्या भिंतीची. फुलं न्यायची."

"कंच्या वैनी? ... सदाफुलीच्या?"

"हो."

"वाचली काय हो सदाफुली?"

"डिसेंबरपर्यंत घातलं पाणी," मी म्हटलं. "मग मी गेले गावाला." तेवढं तरी खरं होतं.

आणि मग मी सांगितलं. चार शब्द सांगायचे होते, पण चौतीस-पस्तीस वर्षं जी गोष्ट एकाच चालीवर सांगितली ती जिभेवर त्याच चालीने आली. हळद वाहिली, फुलं वाहिली, कर्णा आला, मी खिडक्यांना पट्ट्या लावल्या, स्वतःच्या हळदीला भिऊन. आणि तिथे, सवयीने, मी हसले. एकटीच. तिकडे कोंबडीसुद्धा बोलली नाही.

"भाई? ऐकताय ना?"

"गंधक नव्हता तो?" भाईंनी विचारलं.

"नाही. हळद होती. माझी."

"हळद," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "हळद." श्वास ऐकू येत होता. "मला पोतं दाखवलं त्यांनी. उघडं होतं. मी कधी उघडं ठेवीत नाय. चार दिवस तेच विचारीत होते, कोणी सांडलं? मला वाटलं मेहुण्याने. त्याच्या हातून सांडलं नि भिऊन गप बसला, मला जाऊ दिलं. नि आपण हजला गेला."

मला त्या दुपारचं आठवलं. पाइप हातात घेऊन तोंड फिरवलेला माणूस. मला जे रडू वाटलं होतं ते रडू नव्हतं.

"तेव्हापासून..." मी म्हटलं.

"तेव्हापासून उंबरा बंद. बायकोला तिच्या भावाच्या दारात पाऊल टाकू दिलं नाय मी. तिची आई मेली तेव्हा बाहेरून बघून आली ती."

मी विचारलं, हज? विचारायला नको होतं, पण तेच तर माझ्या छातीवर इतकी वर्षं बसलं होतं.

"नाय झाली. सोडतीत नाव घातलं दोनदा, लागलं नाय. मग गुडघे गेले." ते जराही चिडले नव्हते. चिडले असते तर मी नीट रडू शकले असते. लादीवर पोरांच्या फळ्या आदळत होत्या, झोक्याच्या साखळ्या कुरकुरत होत्या. त्यांनी विचारलं, "ते काय वाजतंय?" मी म्हटलं, "पोरं खेळतायत भाई. रॉकेटच्या जागी बाग झालीय." "झाडं कसली लावलीत?" त्यांनी विचारलं. मी पाहिलं. भिंतीच्या कडेने कण्हेर होती. सांगितलं.

"माफ करा," मी म्हणाले. शेवटी तेवढंच उरलं.

त्यांनी आत कोणाला तरी हाक मारली, वही आण म्हणाले. मग फोनवर आले आणि म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

"माझं झालं ते झालं, वैनी. आता नंबर लिहून घ्या मेहुण्याचा, बायकोच्या वहीत आहे, तिला वाटतं मला ठाऊक नाय. आधी त्याला फोन लावा, मग मी लावतो. नि त्याला सांगताना ते खिडक्यांना पट्ट्या लावल्याचं सांगू नका. ते हसायचं आहे."